तान्ह्या मुलांच्या खुब्याचा क्षय

तान्ह्या बाळास न्हाऊ घालतांना त्याच्या अंगावरून फिरणारा हात हा त्याचा पहिला वैद्य होय. म्हणून वऱ्हाडांतील आमच्या आयाबहिणींस आम्ही आज एका रोगाविषयीं सावध करूं इच्छितों.

क्षय हा केवळ फुप्फुसांचा रोग, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु कॉख यांनीं सन १८८२ मध्यें शोधून काढलेला तो जंतु रक्तावाटें सांध्यांतही जाऊन बसतो. तो खुब्यांत शिरला, तर सांधा हळूहळू झिजतो व पाय आखूड किंवा ताठ होतो.

मोठें मूल लंगडतें. कित्येकदां दुखणें खुब्याचें असून तें गुडघा दाखवितें. तान्हें काय दाखविणार? यासाठीं आपणच पाहावें. दुपटें बदलतांना एकाच पायास हात लागला कीं बाळ किंचाळतें काय? तो पाय दुमडूनच ठेवितें काय? ती मांडी दुसरीहून बारीक दिसते काय? झोपेंतून दचकून रडतें काय? वजन वाढेनासें झालें काय? घरांत कोणास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय? हा शेवटचा प्रश्न डॉक्टरांस अवश्य सांगावा. कारण तान्ह्यास हा रोग बहुधा घरांतूनच लागतो. बी. सी. जी. ची लस टोचिली आहे, एवढ्यावरून निर्धास्त राहूं नये.

एकाएकीं ताप भरून पाय हलेनासा झाला, तर सांध्यांत पू झाला असण्याचा संभव असतो. तेव्हां त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. विदर्भांत सिकलसेलनेंही मुलांचीं हाडें दुखतात, म्हणून रक्तही तपासून घ्यावें.

क्ष-किरणांचें चित्र निर्दोष आलें म्हणून रोग नाहीं, असें समजूं नये. पहिले कांहीं महिने मांडीच्या हाडाचें डोकें कूर्चेचें असतें व तें चित्रांत उमटत नाहीं. सोनोग्राफीनें सांध्यांतील पाणी दिसतें. तें सुईनें काढून त्यांत जंतु आहेत काय हें तपासल्यानें पक्का निर्णय होण्यास मोठें साहाय्य होतें. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे व अमरावतीस जिल्हा रुग्णालय, ज्यास लोक इर्विन म्हणतात. क्षयाची तपासणी व औषधें सरकारी योजनेंत विनामूल्य मिळतात. औषध बहुधा वर्षभर किंवा अधिक चालतें. बाळ हंसूं लागलें म्हणून तें मध्येंच सोडूं नये.

दुखरा पाय चोळून किंवा ओढून सरळ करण्यास कोणासही देऊं नये. बाळास व खोकणाऱ्या माणसास, दोघांसही, तपासणीस न्यावें.