उत्स्फूर्त विनोदी संवाद : सराव व पाठ

शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा पाठ केलेले वाक्य विसरतो आणि सारे नाटक जागच्या जागी थांबते. पडद्याआडून वाक्य सुचविले जाते, मुलगा ते कसेबसे उच्चारतो. पण त्याचा चेहरा उतरलेला असतो. याउलट तमाशाच्या बतावणीतील सोंगाड्या सहसा अडत नाही. प्रेक्षकांत कोणी खोकला, दिवा विझला, तरी त्यातूनच तो पुढचे वाक्य काढतो. बतावणीत कथेचा सांगाडा ठरलेला असे. संवाद मात्र बहुधा जागेवरच बोलले जात. असा हजरजबाबीपणा उपजतच असावा लागतो, हा सर्वसाधारण समज पूर्णांशाने खरा नाही. ऐकणे, पाहणे व न घाबरणे या तीन गोष्टी सरावाने साधतात. आणि त्या साधल्या की विनोद त्यांच्या मागोमाग येतो.

पूर्वपीठिका

या सरावाला पद्धतशीर रूप अमेरिकेतील शिकागो शहरी मिळाले. तेथील हल हाउस या सेवाकेंद्रात परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांची मुले जमत. निव्हा बॉइड या खेळांच्या द्वारे समूहजीवनाचे शिक्षण देत. १९२४ ते १९२७ या काळात व्हायोला स्पोलिन त्यांच्यापाशी शिकल्या. पुढे मुलांना अभिनय शिकविताना स्पोलिन यांनी व्याख्यानांऐवजी खेळांची रचना केली. हे खेळ १९६३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांच्या सहभागाने १९५५ साली ‘कंपास’ आणि १९५९ साली ‘सेकंड सिटी’ या मंडळ्या उभ्या राहिल्या. प्रेक्षकांनी सुचविलेल्या विषयावर तेथे तत्काळ विनोदी प्रवेश होत. मोठ्यांच्या रंगभूमीची ही विद्या मुळात मुलांच्या खेळांतून निघाली, हे प्राथमिक शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

इंग्लंडमधील कीथ जॉन्स्टन हेही आरंभी लंडनच्या बॅटरसी भागातील कष्टकरी वस्तीत शाळाशिक्षक होते. नंतर रॉयल कोर्ट नाट्यगृहात त्यांनी नटांना शिकविले. त्यांचे ‘इम्प्रो’ हे पुस्तक १९७९ साली निघाले. ते वर्गात स्वतः जमिनीवर बसत आणि प्रयोग फसला तर दोष शिक्षकाचा मानावा, असे विद्यार्थ्यांना आधीच सांगत. हुशार दिसण्याची धडपड सोडून सहज सुचेल तेच बोलावे, हा त्यांचा मुख्य उपदेश होता.

मुख्य नियम

सोबत्याने जे मांडले ते नाकारू नये. ते मान्य करून त्यात आपली भर घालावी. उदाहरणार्थ, एक मुलगा म्हणतो, “गुरुजी, वर्गात म्हैस शिरली.” गुरुजी झालेला मुलगा “कुठे आहे म्हैस? हा तर बाक आहे,” असे म्हणाला तर प्रवेश तेथेच संपतो. पण तो म्हणाला, “अरे, तिने हजेरीपुस्तक खाल्ले की काय?” तर पहिल्याला लगेच सुचते, “हो गुरुजी, आता हजेरी तिच्या पोटाशी कान लावून घ्यावी लागेल.” येथे कोणीही विनोद करावयास निघाला नव्हता. दोघांनी एकमेकांचे ऐकले, म्हणून विनोद घडला.

पाठाचा क्रम

पहिला खेळ आरशाचा. दोन मुले समोरासमोर उभी राहतात. एक तोंड धुण्याची, पागोटे बांधण्याची क्रिया सावकाश करतो. दुसरा त्याचे प्रतिबिंब होतो. काही वेळाने कामे बदलावीत. येथे दृष्टी सोबत्यावर स्थिर होते आणि लाजणारे मूल स्वतःला विसरते.

दुसरा खेळ एकेका शब्दाच्या गोष्टीचा. मुले गोलाकार बसतात व प्रत्येकजण एकच शब्द बोलून गोष्ट पुढे नेतो. आधीच ठरविलेला शब्द पुष्कळदा निरुपयोगी ठरतो. त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत ऐकत राहावे लागते.

तिसरा खेळ दोघांच्या प्रवेशाचा. ‘कोण, कोठे व काय करीत आहेत’ एवढेच ठरवावे : आजी व नातू, विहिरीवर, पाणी शेंदताना. पोहरा खरा नसतो. पण त्याचे वजन हातांत दिसले पाहिजे. खेळ चालू असता शिक्षकाने तो न थांबविता बाजूने लहानशी सूचना द्यावी : “पोहरा भरला आहे,” “आजीकडे पाहा.” प्रवेश दोन-तीन मिनिटांचा असावा व हशा ओसरण्यापूर्वीच थांबवावा.

खेळानंतरची चर्चा

‘छान’ किंवा ‘वाईट’ असा निकाल देऊ नये. शाबासकीची सवय लागलेले मूलही शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून बोलू लागते आणि त्याची उत्स्फूर्तता आटते, हे स्पोलिन यांनी आग्रहाने सांगितले आहे. त्याऐवजी विचारावे : विहीर किती खोल वाटली? आजीचे बोलणे नातवाने ऐकले काय? उत्तरे पाहणाऱ्या मुलांनी द्यावीत.

टाळावयाचे दोष

मूल अडले तर क्षणभर थांबू द्यावे. स्तब्धता ही चूक नव्हे. तोंडात तयार वाक्य घालू नये. चटपटीत दोन मुलांनाच वारंवार पुढे आणू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जात, दारिद्र्य, शारीरिक व्यंग किंवा तोतरेपणा यांवर हशा मिळवू देऊ नये. असा प्रसंग आला तर शिक्षकाने शांतपणे प्रवेशाचे स्थळ बदलावे. मात्र चर्चेच्या वेळी त्याचे कारण स्पष्ट सांगावे. सोबत्याला खाली पाडून मिळालेला हशा हा या विद्येचा पराभव आहे, कारण ज्याच्यावर हसू झाले ते मूल पुन्हा तोंड उघडीत नाही.

आठवड्यातून एक तासिका नियमाने दिली तरी पुरे. शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसणारे मूल एखाद्या दिवशी, कोणी न सांगता, म्हशीच्या पोटाला कान लावील. त्या दिवशी सारा वर्ग हसेल आणि ते मूलही त्या हसण्यात सामील असेल. पाठ सफल झाल्याची खूण तीच समजावी.