शिमग्याला घर उघडताय? आधी छपराकडे बघा

गणपती पोचवून लावलेलं कुलूप शिमग्याला निघतं. कोकणातल्या कितीतरी घरांची आता हीच रीत झाली आहे. मधल्या पाच-सहा महिन्यांत घराने परतीचा पाऊस झेललेला असतो, थंडीतला कोरडा वारा सोसलेला असतो आणि चुलीचा धूर एकदाही पाहिलेला नसतो. मुंबई-पुण्याहून पोरं येतात, जाळी-जळमटं काढतात, ओटीवर रंगाचा हात मारतात, पालखी नाचवतात आणि परत जातात. जूनमध्ये त्याच नव्या रंगावरून पाण्याचे ओघळ उतरतात.

आमच्या वाडीतल्या बंद घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. सासूबाई आणि मामंजी यांनी जे शिकवलं, ते मी याच घरांवर वर्षानुवर्षं पडताळलं. पोरांनो, तेच आता तुमच्या कानात सांगते.

पहिला मंत्र: आधी वर, मग खाली. आधी पाणी, मग रंग.

दुरुस्तीचा क्रम चुकला की पैसा पाण्यात जातो. आधी छप्पर, मग लाकूड, मग भिंती, मग जमीन आणि सगळ्यात शेवटी रंग. सात जूनच्या सुमारास मृग लागतो आणि त्यानंतर कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. होळीपासून मृगापर्यंत हातात जेमतेम अडीच-तीन महिने असतात. त्यातही चैत्र-वैशाखात मजूर आंब्याकडे आणि काजूकडे गुंतलेले असतात. सुतार-गवंडी शोधून सापडत नाहीत. म्हणून फाल्गुनातच त्यांना बोलवा, काम दाखवा आणि विसार देऊन ठेवा.

दार उघडल्यावर पहिला तास

दार उघडलं की लगेच दिव्याचं बटण दाबू नका. बॅटरी घेऊन आत जा, दारं-खिडक्या उघडा आणि वास घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साठून राहतो. वास आला तर बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून घरातून वारा मोकळा वाहू द्या. गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं उलटली असतील किंवा नळी उंदराने कुरतडली असेल, तर ती बदलूनच शेगडी पेटवा.

पायात बूट हवेत, हातात काठी हवी. आपल्या जांभ्याच्या मुलखात फुरसं दगडाखाली, लाकडाच्या ढिगात आणि कोपऱ्यातल्या कचऱ्यात बसलेलं असतं. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावली तरी पुष्कळदा कळतसुद्धा नाही. म्हणून न बघता फडताळात, कणगीमागे किंवा माळ्यावरच्या सामानात हात घालू नका. पहिल्या रात्री खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. कुणाला चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला हलू न देता १०८ला फोन करायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा.

विजेचंही तसंच. उंदराला वायरीचं प्लॅस्टिक कुरतडायची खोड असते. आधी मेन बंद ठेवून दिसतील तेवढ्या वायरी बघा. मग सगळे छोटे स्विच पाडून मेन चालू करा आणि एकेक खोली जोडत जा. जिथे ठिणगी किंवा जळका वास येईल, तिथे वायरमन बोलवा. फ्यूजबोर्डावर गळती ओळखणारा ब्रेकर असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का बघा. नसेल तर तीस मिलिअँपियरचा बसवून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. उन्हाळ्यात जांभा कोरडा ठक्क होतो आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट काम करत नाही.

छप्पर: सगळा जीव इथे आहे

छपरावर चढण्याआधी छप्पर आतून बघा. भर दुपारी दारं-खिडक्या लावून घरात अंधार करा आणि वर नजर लावा. जिथून उन्हाची तिरीप येते, तिथून पाणीही येणार. तिथल्या वाशाला खडूने खूण करा. तिरीप नसेल पण वाशावर काळा ओघळ असेल, तर पाणी वरून कुठून तरी वाहत तिथवर येतं आहे. ओघळाचा माग धरून वर आढ्याकडे जा. ही पाहणी पुरी झाली की मगच शिडी लावा.

माकडांच्या उड्यांनी कौलं फुटतात आणि सरकतात. बदलताना पागोळीकडून आढ्याकडे जायचं, कारण वरचं कौल खालच्यावर बसतं. कौलाच्या मध्यावर पाय कधी देऊ नका. खाली रीप असेल तिथेच वजन टाका, किंवा फळी आडवी टाकून तिच्यावर बसून काम करा. आढ्यावरचे कोने हलवून बघा. त्यांच्याखालचं चुना-सिमेंट सुटलं असेल तर ते पुरतं खरवडून नव्याने भरा. दोन छपरांच्या सांध्यातली पन्हळ हाताने साफ करा. पाला तुंबला की पाणी उलटं कौलांखाली शिरतं आणि दोष मात्र कौलांना लागतो.

जादा कौलं घेताना जुनं कौल सोबत न्या. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्या घडणीची कौलं पुढे साऱ्या किनाऱ्यावर पसरली. पण प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा होता. एकाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही आणि त्या फटीतून वारा पाऊस आत मारतो. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते जुळवून घ्या. वाडीत कुणी जुनं घर उतरवून स्लॅब टाकत असेल, तर त्याच्याकडची शे-दोनशे कौलं मागून ठेवा. ती गोठ्यात उभी रचून ठेवली की पिढीभर पुरतात.

लाकूड: वाजवून बघा, टोचून बघा

खांब, वासे, तुळया आणि चौकटी काठीने वाजवत जा. भरीव लाकूड टणक वाजतं आणि पोखरलेलं पोकळ बोलतं. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर सुताराला दाखवा. वाळवीची मातीची नळी दिसली तर घाईने सगळी पुसू नका. मध्येच बोटभर तुकडा मोडा आणि दोन-तीन दिवसांनी परत बघा. नळी पुन्हा जोडली गेली असेल तर वाळवी जिवंत आहे आणि तिची वाट जमिनीतून येते आहे. मग नुसती वरून पुसून भागत नाही. जाणकाराकडून जोत्याभोवती औषध घालून घ्यावं लागतं.

पावसाने वाहून आलेली माती जोत्याला चिकटून चढलेली असते. ती फावड्याने ओढून जोतं सगळ्या बाजूंनी उघडं करा. वाळवी आणि ओल दोन्ही या मातीच्याच आधाराने भिंतीवर चढतात. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

खांबांच्या बुंध्याला आणि चौकटींच्या पायाला काजूच्या टरफलाचं तेल द्या. होड्यांनाही तेच लावतात. मामंजी ते फाल्गुनातच लावत, कारण लाकूड पूर्ण सुकलेलं असेल तरच ते तेल पितं. पण हे तेल कातडी भाजतं, फोड येतात. हातमोजे घाला, उघड्या अंगाला आधी खोबरेल चोळा आणि लहान मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

आणि चूल पेटवा. गॅस असला तरी राहाल तितके दिवस सकाळी तासभर तरी चुलीवर पाणी तापवा. पूर्वी धूर रोज वाशांत घुमायचा, त्याने लाकूड कोरडं राहायचं आणि कीड दूर राहायची. घर बंद झालं की हे राखण आधी जातं.

विहीर आणि टाकी

न उपसलेल्या विहिरीचं पाणी लगेच तोंडात घालू नका. पालापाचोळा काढा आणि पाणी उपसून नवं भरू द्या. गाळ काढायला माणूस उतरवायचा असेल तर आधी पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडा. कंदील विझला तर कुणीही उतरायचं नाही. विझला नाही तरीही कमरेला दोर आणि काठावर दोन माणसं हवीतच. एकट्याने विहिरीत उतरायचं नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका.

मग ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. विहीर दोन मीटर रुंद आणि पाणी तीन मीटर खोल असेल तर साधारण साडेनऊ हजार लिटर पाणी होतं. त्याला २४ ग्रॅम पुरतात. पावडर कोरडी टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या. खालचा चुन्याचा साका फेकून द्या. निवळीची बादली पाण्याखाली नेऊन वर-खाली हलवा. तासाभराने पाणी वापरा. ब्लीचिंग पावडर नव्या पाकिटातली घ्या. उघडं राहिलेलं पाकीट जोर गमावतं.

टाकी नुसती धुऊन पुरत नाही, आतल्या भिंती काथ्याने घासा. डेंगीच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून कित्येक महिने कोरडी तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. न्हाणीघरातल्या मोऱ्यांतून वास येत असेल तर आतलं पाणी आटलेलं आहे. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता.

झाडलोट: आधी शिंपडा, मग झाडा

उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. लेप्टोचा आजार उंदराच्या मुतातून पसरतो आणि हातापायाच्या जखमेतून अंगात शिरतो. नाकाला फडकं बांधा, हातमोजे आणि बूट घाला, ब्लीचिंगचं पाणी शिंपडून थोडं मुरू द्या आणि मग ओलं भरून काढा. उंदरांची बिळं फुटक्या काचा आणि सिमेंट कालवून बुजवा. भिंतीत विष टाकू नका. उंदीर आत मरतो आणि त्याची घाण तुम्ही गेल्यावर घरात राहते.

गाद्या-गोधड्यांना फाल्गुनाचं ऊन दोन दिवस पालटून पालटून द्या. गांधीलमाशीचं पोळं आढ्याला असेल तर जाळायला जाऊ नका. कौलारू घराला आग लागायला तेवढंच पुरतं.

भिंती आणि अंगण

जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि पुढे ते हवेत सोडतो. त्याच्यावर तेलरंगाचं झाकण बसवलं की ओल आत कोंडते, लोणा येतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. जुन्या भिंतीला चुनाच द्या. लोणा कोरड्या ब्रशने खरवडा, भिंत ओली करा आणि पातळ चुन्याचे दोन हात द्या. कळीचा चुना भिजवताना चुना पाण्यात सोडा, पाणी चुन्यावर ओतू नका. तो उसळून डोळ्यांत जातो.

मातीची जमीन असेल तर भेगा मातीने भरून चोपा, मग सारवा. घराभोवतीचं सुकलं गवत चार-पाच हात रुंद पट्ट्यात काढून टाका. आता वणव्याचे दिवस आहेत, आणि डोंगरावरची आग बंद घराजवळ आली तर विझवायला कुणी नसतं.

निघण्याआधी

ग्रामपंचायतीत जाऊन घरपट्टी ३१ मार्चच्या आत भरा आणि नमुना ८चा उतारा घेऊन घर कुणाच्या नावावर आहे ते वाचा. आजोबांचं नाव तसंच राहिलं असेल तर वारसनोंद लावून घ्या. वीजबिल थकवू नका. जोडणी तुटली की परत मिळवताना हेलपाटे पडतात.

जाताना मेन बंद, रेग्युलेटर काढलेला, टाकी रिकामी आणि मोऱ्यांत पाण्यावर चमचाभर खोबरेल, म्हणजे पाणी लवकर आटत नाही. धान्याचा दाणाही मागे ठेवू नका. किल्ली शेजारी द्या आणि महिन्यातून एकदा दारं उघडून वारा खेळवायला सांगा. ते काम फुकट करून घेऊ नका. त्या माणसाचा मेहनताना ठरवा आणि वेळेवर पोचवा.

यंदा शिमग्याला येताना चार दिवस जास्त रजा टाका. दोन दिवस पालखीला द्या आणि दोन दिवस छपराला.