आधी पाणी, मग औषध

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मोरे ईल पाळणाऱ्यांना सावध करायचं झालं, तर मी एकच गोष्ट सांगेन. ईल आजारी दिसला की हात औषधाच्या बाटलीकडे जातो. तो तिथेच आवरा. टँकमधला ईल बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याआधी पाणी बिघडलेलं असतं. धुरानं भरलेल्या खोलीत खोकणाऱ्या माणसाला खिडकी न उघडता खोकल्याचं औषध पाजावं, तसं बिघडलेल्या पाण्यात औषध ओतणं आहे. शिवाय पाण्यात पडलेलं औषध एकट्या ईलच्या पोटात जात नाही. ते टँकमधल्या प्रत्येक जिवाला मिळतं, आणि त्यात पाणी साफ ठेवणारे जिवाणूही आले.

आधी आजार कशाला म्हणायचं हेच नीट कळायला हवं, कारण या माशाचं निरोगी वागणंही नवख्याला घाबरवतं. मोरे ईल दिसायला सापासारखा असला तरी मासाच आहे. कोकणच्या बाजारात वाम म्हणून विकला जाणारा मासा त्याचा लांबचा नातलग. घरच्या टँकसाठी सहसा स्नोफ्लेक मोरे निवडतात, तो साधारण 60 ते 70 सेंटिमीटर वाढतो. त्याला छातीचे पर नसतात, आणि कल्ल्यांच्या जागी डोक्यामागे दोन बाजूंना फक्त लहान गोल छिद्रं दिसतात. त्यामुळे तोंडाची सतत उघडझाप करून तो कल्ल्यांवरून पाणी खेळवतो. ही संथ उघडझाप म्हणजे धापही नाही आणि धमकीही नाही. दिवसभर दगडांच्या फटीत दडून राहणं आणि अधूनमधून कित्येक दिवस अन्नाला तोंड न लावणं हाही त्याचा स्वभावच. खरी काळजी करायची ती उघडझापीचा वेग एकदम वाढला, ईल बीळ सोडून दिवसाढवळ्या उघड्यावर पडून राहू लागला, पृष्ठभागाशी तोंड नेऊ लागला, कातडीवर व्रण किंवा लाल चट्टे उठले, किंवा डोक्यामागचा भाग खोल जाऊन पाठीचा कणा वर दिसू लागला तर.

अशा वेळी पहिली तपासणी पाण्याची. ईल मांसाहारी आणि खादाड. त्याची विष्ठा आणि दगडाखाली कुजत राहिलेला कोळंबीचा एखादा तुकडा, दोन्हींतून अमोनिया तयार होतो. गोड्या पाण्याच्या टँकवर हात बसलेले लोक इथे फसतात. अमोनियाचं विषारी रूप किती असेल हे पीएचवर ठरतं. समुद्री टँकचा पीएच 8.1 ते 8.4 असतो, तिथे अमोनियाचा विषारी वाटा पीएच 7 च्या पाण्यातल्यापेक्षा दहा पटींहून जास्त असतो. म्हणून टेस्ट किटवर अमोनियाचा रंग जरासाही दिसला तर तो ‘थोडासाच’ म्हणून सोडून देता येत नाही. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशाला तेवढं बाधत नाही, पण ते दिसलं तर फिल्टरमधले जिवाणू अजून बसलेले नाहीत किंवा मेले आहेत, असं समजावं. सोबत क्षारतेचा आकडा पाहावा (विशिष्ट गुरुत्व 1.020 ते 1.025) आणि तापमानही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन न काढता पाणी भरलं गेलं का, हाही प्रश्न स्वतःला विचारावा.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे विशेष. 25 अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. 30 अंशांना तो सव्वासहाच्या आसपास उतरतो. उष्णतेत माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. मे महिन्यात चिलर नसलेला टँक दुपारी तापला किंवा वीज जाऊन पंप बंद पडला, की ईल धापा टाकतो आणि बघणाऱ्याला तो कल्ल्यांचा रोग वाटतो. इथे बॅटरीवर चालणारा एअर पंप हाच खरा वैद्य.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: तपासण्या करत बसलो तर मासा मरेल, औषधानं निदान काहीतरी केल्यासारखं होईल. पण सगळ्या तपासण्या मिळून अर्ध्या तासाच्या आत होतात, आणि पाणी बदलणं हा स्वतःच तातडीचा उपचार आहे. आधी मीठ विरघळवून, हवा देऊन, क्लोरीन काढून, तापमान आणि क्षारता जुळवून ठेवलेलं पाणी हाताशी असेल, तर चौथा हिस्सा पाणी लगेच बदलता येतं. अमोनिया जास्त निघाला तर निम्म्यापर्यंतही. हवा वाढवता येते, कुजलेलं अन्न काढता येतं, ताजा कार्बन लावता येतो. चुकीच्या निदानावर टाकलेलं औषध परत घेणं अवघड असतं. बदललेल्या चांगल्या पाण्यानं सहसा नुकसान होत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा. पांढरे ठिपके आले तेव्हा तांब्याच्या औषधानं बाकीचे मासे बरे झाले, मग ईलला का नको? कारण ईलच्या अंगावर खवले नसतात, फक्त श्लेष्माचा थर असतो, आणि तांब्यासारखी औषधं त्याला इतर माशांपेक्षा लवकर बाधतात. कॉपर सल्फेटमधल्या तांब्याची उपचाराची मात्रा मुळातच लिटरला साधारण 0.15 ते 0.20 मिलिग्रॅमच्या अरुंद पट्ट्यात असते: कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा जातो. मुख्य टँकमध्ये ते ओतलं तर कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात आणि कुजून पाणी आणखी नासवतात. लाइव्ह रॉक आणि वाळू तांबं शोषून ठेवतात आणि पुढे सोडत राहतात. म्हणजे एका ईलच्या संशयित रोगासाठी आपण सगळा टँक आजारी पाडतो.

तिसरा आग्रह भरवण्याचा. ईल खात नाही म्हणून त्याच्या तोंडात अन्न कोंबू नये. त्याची नजर मंद आणि वासाचं ज्ञान तीव्र, म्हणून चिमट्यात कोळंबीचा ताजा तुकडा धरून बिळाजवळ हलवावा आणि नाही घेतला तर दहा मिनिटांत काढून टाकावा. अंग भरलेलं असेल, श्वास संथ असेल, पाणी ठीक असेल, तर दोनतीन आठवड्यांच्या उपासानं घाबरण्याचं कारण नाही. उलट, रोज एकच प्रकारचा गोठवलेला मासा घालण्याची सवय तपासावी. काही माशांत आणि शिंपल्यांतल्या जिवांत थायमिनेज हे द्रव्य असतं, ते बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि गोठवल्यानं ते जात नाही. कोळंबी, खेकडा, माकूळ असं आलटून पालटून द्यावं आणि त्याला जीवनसत्त्वाची जोड द्यावी.

पाणी निर्दोष असूनही व्रण पसरत असेल, तर मात्र रोग आहे असं मानावं लागतं, आणि तिथे मी औषधाच्या विरोधात नाही. पण ते वेगळ्या टँकमध्ये, माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याच्या सल्ल्यानं. त्या टँकमध्ये वाळू नको. लपायला पीव्हीसीची नळी, आधीपासून चालू असलेला स्पंज फिल्टर आणि फट न ठेवणारं झाकण हवं, कारण ईल बोटभर फटीतूनही बाहेर पडतो. अशा छोट्या टँकमध्ये अमोनिया झपाट्यानं वाढतो, तेव्हा तपासणी रोजची. ईलला जाळीनं धरू नये, श्लेष्मा खरवडला जातो. तो नळीत शिरला की दोन्ही तोंडं झाकून नळीच उचलावी. हातात जाड हातमोजे असावेत, एक चाव्यासाठी आणि दुसरं, आजारी टँकमधले जिवाणू आपल्या कातडीवरच्या जखमेतही शिरतात म्हणून.

या सगळ्याची तयारी ईल धडधाकट असतानाच करायची असते. मिनिटाला तो किती वेळा तोंड उघडतो, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, पाण्याचे आकडे काय होते, हे आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवावं. आज उघडझाप मिनिटाला चाळीस वेळा होते, हा नुसता आकडा काहीच सांगत नाही. मागच्या महिन्यात ती वीस होती, हे वहीत असेल तरच त्याला अर्थ येतो. ती वही टँकच्या खालच्या कप्प्यात, औषधाच्या बाटलीसमोर ठेवावी, म्हणजे बाटली काढायची झाली तरी आधी वही हाताला लागेल.