लिनक्सवर वेबसाइटसाठी कोणता प्रोग्रॅम निवडावा?

सुट्टीत मी बंगळूरला चामराजपेटमध्ये मामांकडे होतो. कन्नड साहित्य परिषदेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर त्यांचे पूजासाहित्याचे दुकान आहे आणि दुकानाची छोटीशी वेबसाइटही आहे. ती सांभाळणारा मुलगा नोकरीला लागला, म्हणून काम माझ्याकडे आले. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स मिंट घातले होते. आता फाइली सर्व्हरवर पाठवायला प्रोग्रॅम हवा होता. कमांड टाइप करूनही हे होते, पण मी शाळेत परतल्यावर काम मामी करणार होती. म्हणून माऊसने चालणाराच प्रोग्रॅम शोधला.

आधी थोडा इतिहास. फाइली पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. (हे कळल्यावर मला फार बरे वाटले.) त्या काळी नेटवर्कवर मोजकीच यंत्रे होती, त्यामुळे साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. पुढे फिनलंडमध्ये एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले. एसएफटीपी त्याच झाकलेल्या वाटेने जाते. एफटीपीचा पोर्ट २१, हिचा २२. प्रोग्रॅमला एसएफटीपी येत नसेल, तर बाकी काही बघूच नये.

मी तीन प्रोग्रॅम पाहिले. मिंटच्या फाइल मॅनेजरमधूनच सर्व्हरला जोडता येते आणि सर्व्हर साध्या फोल्डरसारखा दिसतो. सोपे आहे, पण फाइल उघडून सेव्ह केली की थेट साइटच बदलते, आपल्याकडे प्रत राहत नाही. जीएफटीपी हलका आणि चांगला आहे. तरी मी फाइलझिला निवडला. त्यात डावीकडे आपला कॉम्प्युटर आणि उजवीकडे सर्व्हर असतो, आणि दोन्हींची तुलना करता येते. ही तुलना किती महत्त्वाची आहे ते मला चूक केल्यावर कळले.

सर्व्हरवर त्याच नावाची फाइल असेल तर फाइलझिला विचारतो: बदलू, सोडू, की नवी असेल तरच बदलू? सारखा तोच प्रश्न येतो म्हणून मी ‘बदलू’ निवडले आणि ‘नेहमी हेच करा’वर खूण केली. मामांनी दोन संध्याकाळ बसून होस्टिंगच्या पानावरून नवे भाव भरले होते. माझ्या जुन्या प्रतीने ते सगळे पुसून टाकले. ‘नवी असेल तरच’ निवडले असते तरी उपयोग नव्हता. मी जुनी प्रत सकाळीच उघडून एक शब्द सुधारला होता, म्हणजे तारखेने तीच नवी ठरली असती! मामा रागावले नाहीत. वही काढून रात्री अकरापर्यंत भाव वाचत राहिले, मी भरत राहिलो.

आता पाठवण्याआधी आम्ही तुलना लावतो. फाइल एकाच बाजूला असेल तर ओळ पिवळी दिसते, आकार वेगळा असेल तर लाल. पण ४०चे ४५ केले तर आकार तेवढाच राहतो, म्हणून तारखेनेही तुलना करावी लागते. नवी फाइल हिरवी दिसते. सगळ्यात खात्रीचे म्हणजे सर्व्हरवरची फाइल आधी उतरवून घ्यायची आणि त्याच प्रतीत बदल करायचा. किट ताब्यात घेताना यादी आधी जुळवतो, तसेच.

आणखी एक गोष्ट. मास्टर पासवर्ड लावला नाही तर फाइलझिला साठवलेले पासवर्ड कुणालाही वाचता येतील असे ठेवतो. दुकानातला कॉम्प्युटर सगळेच वापरतात, म्हणून मी ‘दर वेळी पासवर्ड विचारा’ ही सोय लावून आलो.

गेल्या रविवारी मामीचा फोन आला, “अरे, एक ओळ लाल दिसतेय, पाठवू का?” मी म्हटले, “थांब, आधी उतरवून घे.”