मूल सांभाळणाऱ्या मावशीची वही

धुणीभांडी, साफसफाई, बांधकाम, दवाखान्यातली पहिली पाळी. अशा कामांना पहाटेच निघणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी मूल शेजारच्या मावशीकडे ठेवून जातात. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने सांगितलं. पण चार घरची कामं करणाऱ्या बाईला कुठली आस्थापना? तिचं पाळणाघर म्हणजे वस्तीतली एक खोली आणि त्या खोलीतली मावशी.

मावशी मुलांना भरवते, झोपवते, पडलं-झडलं तर उचलून घेते. एक काम मात्र बहुतेक घरी राहून जातं, ते म्हणजे लिहून ठेवणं. मुलाचा दिवस दोन घरांत वाटलेला असतो. सकाळी घरी काय झालं ते मावशीला माहीत नसतं आणि दुपारी काय झालं ते आईला. चूक होते ती याच फटीत. वही ती फट बुजवते.

पहिलं पान : मुलाची माहिती

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला वेगळी पानं द्या. एका मुलाचं आजारपण दुसऱ्याच्या आईने वाचायचं कारण नाही. पहिल्या पानावर मुलाचं नाव, जन्मतारीख, वजन, आईवडिलांचे फोन नंबर आणि ते उचलले नाहीत तर आणखी एका नातेवाइकाचा नंबर लिहा. कोणत्या औषधाची किंवा पदार्थाची अॅलर्जी आहे का, पूर्वी फिट आली होती का, दमा आहे का, हे विचारून लिहा. वजन दर दोन-तीन महिन्यांनी अंगणवाडीत करून घ्या, कारण औषधाचा डोस वजनावर ठरतो.

विदर्भातल्या भगिनींनी आणखी एक गोष्ट विचारावी : सिकलसेलची तपासणी झाली आहे का? सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला १०१ फॅरनहाइटच्या पुढे ताप आला तर तो अंगावर काढायचा नाही. त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना गाठायचा. ही ओळ पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा.

औषधाचं पान

समजा, आईने सकाळी सहाला तापाचं औषध पाजलं आणि घाईत सांगायचं राहिलं. आठ वाजता मावशीला अंग गरम लागलं, तिने पुन्हा पाजलं. दहाला आजी डोकावली, तिने घरून आणलेलं आणखी एक दिलं. तिघींनीही मायेनेच दिलं, पण चार तासांत तीन डोस झाले. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं आणि सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही.

दुसरा धोका बाटलीचा. पॅरासिटामॉलचा एक डोस दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम. आता बाजारातल्या बाटल्या पाहा. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात तेवढ्याच ५ मिलीत २५०. लहान बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलीतच १००, म्हणजे ५ मिलीत ५००. त्यामुळे ‘एक चमचा दिलं’ एवढं लिहून काहीच कळत नाही. घरातला चमचा वापरूच नका, बाटलीसोबत येणारं मापाचं झाकण किंवा ड्रॉपर वापरा.

प्रत्येक वेळी एवढं लिहा :

१. तारीख आणि घड्याळातली वेळ.
२. औषधाचं नाव आणि ५ मिलीत किंवा १ मिलीत किती मिलिग्रॅम.
३. किती मिली दिलं, कोणी दिलं.
४. घरून येण्याआधी शेवटचा डोस कधी झाला (आईला दारातच विचारा).
५. नंतर काय झालं : उलटी, पुरळ, ताप उतरला का. मुलाने औषध ओकलं तर मनाने पुन्हा देऊ नका, डॉक्टरांना विचारा.
६. बाटलीवरचा बॅच नंबर आणि एक्स्पायरी, बाटली पहिल्यांदा येते तेव्हा.

बॅच नंबर कशाला, असं वाटेल. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं आणि किडनी निकामी होऊन लहान मुलं दगावली. त्यांतल्या काहींवर नागपुरात उपचार झाले. त्या वेळी कोणतं औषध वापरू नये, हे बॅच नंबरासकट जाहीर झालं होतं. नंबर लिहिलेला असेल तर आपल्या घरातली बाटली तीच का, हे लगेच पाहता येतं. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, अशी केंद्र सरकारची सूचनाही तेव्हाच आली.

मावशीने मनाने औषध देऊ नये. आईने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी, काय, किती आणि केव्हा द्यायचं ते वहीत लिहून सही करावी. नवीन औषधाचा पहिला डोस शक्यतो आईने घरीच द्यावा.

अपघाताचं पान

छोटं पडणंही लिहा. नोंद कशी असावी, हा नमुना पाहा :

‘सोमवार, सकाळी ११.१०. मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडला. कपाळावर डावीकडे आवळ्याएवढं टेंगूळ. लगेच रडला. उलटी नाही. थंड पाण्याची घडी १० मिनिटं ठेवली. ११.२० ला आईला फोन केला. १२ वाजता वरणभात खाल्ला. १ वाजता झोपला, २ वाजता उठवून पाहिलं, ओळखतो, बोलतो.’

अपघात विभागात डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात : कधी पडला, किती उंचीवरून, बेशुद्ध झाला का, उलटी झाली का. घाबरलेल्या माणसाला वेळ आठवत नाही. वहीला आठवते. डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी, न उतरणारी गुंगी, फिट, कानानाकातून पाणी किंवा रक्त, चालताना तोल जाणं, यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. आधी फोन, मग वही. ही लक्षणं उशिराही दिसू शकतात, म्हणून संध्याकाळी आईला नोंद वाचून दाखवा. पुढची रात्र ती जागी असणार आहे.

भाजलं तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी, टूथपेस्ट नको, बर्फ नको. रॉकेल किंवा फिनेल प्यायलं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. कुत्र्याने नुसतं ओरबाडलं तरी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी लस सुरू करा आणि पुढच्या डोसांच्या तारखा वहीत लिहा.

येतानाच्या खुणा

मूल सकाळी येतानाच अंगावर वळ, चटका, जखम असेल तर तीही लिहा, आईला विचारा, तिचं उत्तर लिहा. यात मावशीचंही रक्षण आहे. मूल तिच्याकडे असताना लागलं, असा आळ पुढे आला तर गरीब बाईच्या शब्दाला कोणी विचारत नाही, तारखेची नोंद मात्र पाहावी लागते. खुणा पुन्हा पुन्हा दिसत असतील तर पानं उलटल्यावर ते ध्यानात येतं. अशा वेळी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा, आपला तर्क लिहू नका.

लिहायची शिस्त

नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात ते इथेही लागू आहे. घडलं की लगेच लिहा. पाहिलं तेवढंच लिहा. पेनाने लिहा, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करा, व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका. संध्याकाळी आईची सही किंवा अंगठा घ्या. मूल यायचं थांबलं तरी वही काही वर्षं जपून ठेवा.

लिहिता येत नसेल तर त्याच क्षणी आईला व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप पाठवा. वेळ आपोआप पडते. संध्याकाळी शाळेतून आलेल्या मुलीकडून तो वहीत उतरवून घ्या. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत वस्तीतल्या सगळ्या मावशींना एकत्र बोलवा, वह्या आणा आणि पहिलं पान तिथेच भरून घ्या. एक तास पुरेल.