खडखड लिंक रॉडची, बिल शॉकअपचं

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या 2014 च्या स्विफ्टच्या डाव्या पुढच्या चाकाकडून खडखड यायला लागली. गॅरेजात नेली, तर गाडी न उचलताच अंदाजपत्रक हातात आलं: दोन्ही शॉकअप, माउंटिंग, दोन्ही लोअर आर्म, अलाइनमेंट, मजुरी धरून साडेचौदा हजार. घरी येऊन स्टिअरिंग पूर्ण वळवलं, चाकामागे हात घातला आणि बोटाएवढ्या जाडीचा एक दांडा हलवून पाहिला. तीच खडखड हाताला लागली. तो लिंक रॉड होता, आणि त्याचा बॉल जॉइंट सैल झाला होता. पुण्यात नाना पेठेत दोन्ही बाजूंची जोडी 900 रुपयांना मिळाली आणि रविवारच्या दुपारी पार्किंगमध्येच बसवली. आवाज गेला.

पुढच्या सस्पेन्शनच्या खर्चात खरी बचत मजुरीची नसते. गेलेला भाग नेमका ओळखला, तर न गेलेल्या भागांचे पैसे वाचतात. म्हणून आधी कान लावा. रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढतात, तेव्हा लिंक रॉड बहुधा गप्प असतो. एकच चाक खड्ड्यात गेलं की तो वाजतो. जागेवर स्टिअरिंग फिरवताना कट्ट असा आवाज येत असेल, तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगकडे बघा. शॉकअपच्या नळीवर तेलाचे ओघळ असतील, किंवा बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत राहिली, तर शॉकअप गेला. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली, तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डाव्या-उजव्या बाजूने धरून जाणवली, तर बहुधा टाय रॉड एंड. या तपासणीला एक रुपया लागत नाही, आणि ती केल्याशिवाय कुठल्याही अंदाजपत्रकाला होकार देऊ नका.

घरी करण्यासारखं पहिलं काम लिंक रॉडचं. दोनच नट असतात, पण ते गंजलेले असतात, कोकणातल्या गाड्यांचे तर फारच. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पुढची दोन्ही चाकं उचला; एकच उचललं तर अँटी-रोल बारला पीळ बसतो आणि दांडा भोकातून सरळ निघत नाही. नट फिरवताना आतला बोल्टही सोबत फिरतो, म्हणून त्याच्या टोकाच्या खाचेत ॲलन की घालून तो धरावा लागतो. खाच गोल झाली, तर झटापट नको. दांडा भंगारातच जायचा आहे, हॅक्सॉने कापा. नवा लिंक रॉड मध्यम गाड्यांसाठी साधारण 300 ते 800 रुपयांना एक. कंपनीच्या खोक्यातला महाग, बाजारातला स्वस्त. गल्लीतल्या गॅरेजची मजुरी एका बाजूला 200 ते 400. अलाइनमेंट लागत नाही.

आता हत्यारांचा हिशेब सरळ मांडते. ट्रॉली जॅक अडीच ते चार हजार, जॅक स्टँडची जोडी 1,200 ते 2,000, गोटी पान्यांचा संच दीड ते अडीच हजार, टॉर्क पाना दीड ते अडीच हजार. एकूण 6,700 ते 11,000 रुपये. एकदाच लिंक रॉड बदलायचे असतील, तर हा खर्च कधीच वसूल होत नाही. पार्ट स्वतः आणा आणि मजुरी द्या. पुढे ब्रेक पॅड, टायर फिरवणं असली कामंही घरी करणार असाल, किंवा दोघं-तिघं मिळून हत्यारं घेणार असाल, तरच घ्या. जॅक स्टँडवर मात्र काटकसर करू नका. गाडीसोबत आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. विटांवर किंवा पेव्हर ब्लॉकवर टेकवलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. ब्लॉक इशारा न देता फुटतो.

लोअर आर्म धीराने करता येतो. बहुतेक गाड्यांत बॉल जॉइंट आर्मसोबतच येतो, त्यामुळे अख्खा आर्म घ्यावा लागतो: साधारण 900 ते 2,200 रुपयांना एक. इथे दोन गोष्टी सांभाळा. बॉल जॉइंट सुटल्यावर चाकाकडचा भाग बाहेर ओढू नका, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटतो. आणि बुशचे बोल्ट चाक हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. आधी हलके लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळा. चाक लटकत असताना आवळलेलं रबर गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजातही हे घाईत विसरलं जातं, म्हणून समोर उभं राहून विचारा. यानंतर अलाइनमेंट हवीच, 300 ते 600 रुपये.

शॉकअपचं काम घरी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय माउंटिंगचा नट सोडला, तर स्प्रिंग उसळून जीव जाऊ शकतो. भाड्याच्या स्वस्त स्प्रिंग कॉम्प्रेसरवरही भरवसा ठेवू नका. फार तर शॉकअप आणि स्प्रिंगचा अख्खा सांगाडा घरी उतरवा आणि आतला शॉकअप बदलायला गॅरेजात न्या. वरचे दोन-तीन छोटे नटच सोडायचे, मधला मोठा नाही. शॉकअप जोडीनेच बदला: एक साधारण 1,500 ते 2,800, माउंटिंग 400 ते 900. मजुरी एका बाजूला 500 ते 900.

खरेदीला जाताना चॅसी नंबर आणि जुना पार्ट सोबत न्या; एकाच नावाच्या मॉडेलच्या दोन वर्षांत आटे आणि लांबी बदललेली असू शकते. छापील किमतीचं लेबल पाहा आणि पक्कं बिल मागा. सुट्या भागांवरचा 28 टक्क्यांचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीचा माल असेल तर नवा दर लावून घ्या. गॅरेजात काम करून घेतलंत, तर काढलेले भाग परत मागा आणि तिथेच हाताने हलवून बघा. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे आणि नव्या भागांचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा.