बाटलीचे कव्हर : आधी भरतकाम, मग काप



डहाणू तालुक्यातल्या आमच्या शिवणवर्गात मशीनच्या भरतकामाचा पहिला धडा म्हणून मी पाण्याच्या बाटलीचे कव्हर शिकवते. कापड थोडे लागते, शिवण सरळ असते आणि वस्तू रोज वापरात राहते. ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्यांनाही ते जमावे, म्हणून वर्गातलाच क्रम येथे देत आहे.

१. माप : बाटलीचा घेर टेपने घ्या. तो २४ सेंमी असेल, तर २ सेंमी सैलपणा आणि दोन्ही कडांची मिळून २ सेंमी माया धरून पट्टी २८ सेंमी रुंद हवी. उंची बाटलीच्या खांद्यापर्यंत. वर नेफ्यासाठी ३ आणि खाली मायेसाठी १ सेंमी. तळासाठी तयार घेराला, म्हणजे २६ ला, ३.१४ ने भागा. ८.३ येतात. २ सेंमी माया मिळवून १०.३ सेंमी व्यासाचा गोल कापा.

२. कापड : गेरूच्या रंगाचे जाड सुती कापड धुऊन वाळवा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. रंग सुटला तर ते कापड घेऊ नका. भरतकामाचा पांढरा दोरा डागाळेल.

३. भरतकाम : पट्टी लगेच मापात कापू नका. भरताना कापड आकसते, म्हणून चारी बाजूंनी ४ सेंमी जास्त ठेवा. खडूने आखा, खाली कोरा कागद घालून रिंगमध्ये घट्ट ताणा. मशीनचा पाय काढा आणि दात खाली करा. पाय काढला तरी त्याची दांडी खाली पाडाच. नाहीतर वरच्या दोऱ्याला ताण बसत नाही आणि खाली गुंता होतो. मशीनची गती एकसारखी ठेवा, रिंग सावकाश फिरवा. टाका लहान की मोठा, हे आता तुमचा हात ठरवतो.

वारली माणसाचे धड टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचे असते. आधी कडा, मग आतला भाग भरा. हातपायांच्या रेघांवरून दोनदा टीप मारा. झाडे, पक्षी, पाणी आणणाऱ्या बायका घ्या. लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. तो चौक विकाऊ वस्तूवर घ्यायचा नाही, असे मी वर्गात सांगते. वारली घरांत त्याला मान आहे.

४. जोडणी : कागद फाडून काढा, उलट बाजूने इस्त्री करा आणि आता मापात कापा. खाली पातळ फोम व अस्तर ठेवून कडेने टीप मारा. नेफ्याच्या भागात फोम नको. तळाच्या गोलालाही असेच थर द्या. नेफ्याची जागा मोकळी सोडून बाजूची शिवण घाला, तळ जोडा, नेफा दुमडून शिवा, नाडी ओवा.

५. तपासणी : कव्हर उलटे करून पाहिल्याशिवाय मी ते पास करत नाही. लोंबते दोरे, तळाशी सुटलेली शिवण तिथेच दिसते. दया म्हणून घेतलेली वस्तू लोक एकदाच घेतात. चांगली निघाली तर शेजारणीसाठी दुसरी मागतात. शिवणारीचे घर त्या दुसऱ्या मागणीवर चालते.

म्हणून आपणही विक्रीच्या टेबलावर कव्हर उलटून पाहा. दोष दिसला तर सांगा, आणि काम नीट असेल तर पूर्ण किंमत द्या.